नाकातली कील

गुरुजींनी तोंडावरचा रुमाल काढला आणि मी हातातली बाटली खाली ठेवली. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतात, कळत नव्हतं. सगळं एकसारखं लाल.

"कायनं घासलं?"

"वजरीनं."

"टाचा घासायच्या?"

"हो जी. आधी धुण्याचा सोडा लावला, मंग वजरी. मंग जामसांवलीहून हे डबी आणली. दोन दिवसांत नाक साफ, म्हणे."

डबी पाहिली. वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. तोंडाला लावायच्या असल्या स्नोत पुष्कळदा पारा असतो. दोन दिवसांत साफ होतं ते कातडं.

मी सौंसरजवळच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. गुरुजी गावच्या शाळेत शिकवत. पंधरा दिवसांनी काटोलची मंडळी त्यांना पाहायला येणार होती. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. दोन्ही वेळा नाकावरच्या काळ्या ठिपक्यांनीच घात केला, अशी त्यांची खात्री. आमच्याकडे या ठिपक्यांना कील म्हणतात.

"आता कोणतं तोंड दाखवू जी?" ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला हसू फुटत होतं, ते मी गिळलं. जरा लाजही वाटली.

डॉक्टरसाहेब रीव्याकडून नुकतेच बदलून आले होते. त्यांनी हिंदीत समजावलं, मी मराठीत सांगितलं. कील म्हणजे मळ नाही. कातडीच्या बारीक छिद्रात तिचंच तेल अडकतं आणि हवा लागून तोंडाशी काळं पडतं. घासून ते निघत नाही, कातडी निघते. आधी जखम भरू द्यायची. मग गंधकाचं सौम्य मलम, तेही थोडंसं.

ते मलम संपलं होतं. पूर्वी औषधं नागपूरहून येत. आता राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूर परराज्यात गेलं होतं, आम्ही हिंदी राज्यात राहिलो होतो. मागणीपत्र नव्या ऑफिसला पाठवायचं, आणि हिंदीत. माझी हिंदी बाजारापुरती. मी लिहिलं, "रोगी की नाक में कील है। कृपया तुरंत सहायता भेजें।" साहेबांनी न वाचता सही केली. एवढा विश्वास नसता तर सरकार चाललंच नसतं.

आठवड्यानं उत्तर आलं. कील किती इंच लांब आहे? गंजलेली आहे का? पोलिसांना कळवलं का?

हिंदीत कील म्हणजे खिळासुद्धा.

"यह क्या लिख दिया आपने?" साहेब म्हणाले.

"जे होतं तेच लिहिलं, साहेब."

दुरुस्तीचं पत्र गेलं. तोवर गुरुजींना एवढंच सांगितलं: दोन वेळा कोमट पाणी, एकदाच सौम्य साबण, तोही बोटांनी. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. वर दवाखान्यातलं साधं पॅराफिनचं मलम. डबी मी ठेवून घेतली. वजरी घरच्या बायकांना परत.

"अन् पिळायचं?"

"हात लावला तर सोड्यानं मीच घासीन."

रोज शाळेत जाताना ते खिडकीशी थांबत. "मलम आलं का जी?"

"येऊन राहिलं."

मलम आलंच नाही. पंधराव्या दिवशी नाक नाकाच्या जागी होतं. ठिपके थोडे फिके, पण होतेच. काटोलची मंडळी आली, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला: "मास्तर, हे गाव आता कोणत्या राज्यात हाय? पोरीले भेटाले येनं जमन ना?" नाकाकडे कुणी पाहिलंही नाही. लग्न ठरलं.

संध्याकाळी गुरुजी पेढे घेऊन आले. मला कडकडून मिठी मारली, नाक जपून.

त्याच आठवड्यात पार्सल आलं; दुरुस्तीचं पत्र तिथं कुणी वाचलेलं दिसत नव्हतं. आत लांब चिमटा आणि चिठ्ठी: "कील निकालकर कार्यालय में जमा करें।"

"अब क्या जमा करें?" साहेबांनी विचारलं.

मी उत्तर लिहिलं: "कील को किसी ने छुआ नहीं, इसलिए रोगी ठीक है। विवाह तय।" या वेळी साहेबांनी दोनदा वाचलं, मग सही केली.

तो चिमटा मी रिटायर होईपर्यंत दवाखान्यात होता. चांगला होता. कापूस उचलायला वापरला, काटे काढायला वापरला. नाकाला कधी लावला नाही.