म्हस कुणाची हाय?

न्हावरे गावच्या रस्त्यानं एक आबा म्हैस घेऊन चालले होते. मी फोटो काढला. माझा विषय आबा होते. बघणाऱ्याची नजर थेट त्यांच्या पांढऱ्या मिशांवर जावी, म्हणून मागून येणारी म्हैस मी मुद्दाम पुसट ठेवली.

चहाच्या टपरीवर मोबाइलवर फोटो दाखवला, तर जो तो एकच विचारायचा, "म्हस कुणाची हाय ही?" आबांकडं कुणी बघेना. मला रागच आला. एवढं ऊन, सावली, अंतर सांभाळलं ते कशाला? पण कुतूहलही वाटलं, म्हणून फोटो खुद्द आबांनाच दाखवला. ते खूश होऊन म्हणाले, "लई झ्याक आलीया. मला बी एक कॉपी द्या."

कॉपी पोचती केली. पुढच्या खेपेला त्यांच्या घरी गेलो, तर फोटो फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावलेला. पण स्टुडिओत जाऊन आबांनी तो कापून घेतला होता. म्हैस बरोबर मधोमध आणि आबा गायब! त्यांचा फक्त दावं धरलेला हात एका कडेला उरला होता.

माझी नजर पहिल्यांदा त्या हातावरच गेली.