स्तोत्र देवाचं, मराठी अक्कांचं

"अगो, माझंच स्तोत्र म्हटलं म्हणून मला कोण गप्प करतंय ते बघ जरा," म्हणत सुमनअक्का माझ्या ऑफिसात शिरल्या. हातात मोबाईल.

अक्का रत्नागिरीतल्या निवृत्त संस्कृत शिक्षिका. तरुणपणी त्यांनी गणपतीच्या एका संस्कृत स्तोत्राचं मराठी केलं. त्यांच्या मंडळातल्या बायका ते दर चतुर्थीला म्हणतात. यंदा कुणाच्या तरी सुनेने त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो उडवला गेला. कारण, कॉपीराइट क्लेम. एका म्युझिक कंपनीने तेच मराठी आधी रेकॉर्ड केलेलं. खाली लिहिलेलं, 'शब्द : पारंपरिक'.

"पुन्हा टाकला तर चॅनेलच बंद करतील म्हणे. मुंबई-दुबईच्या लेकी तोच लावून आमच्याबरोबर म्हणतात. त्यांनी काय करायचं?"

मला राग आला आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझी सगळी वकिली आंब्याच्या कलमांत आणि बांधांच्या भांडणांत गेली. असलं प्रकरण कधी आलं नव्हतं. कायदा तसा सोपा. मूळ स्तोत्र जुनं, ते कुणाच्याच मालकीचं नाही. भाषांतर मात्र नवं लेखन. त्यावर हक्क भाषांतर करणाऱ्याचा, हयातभर आणि पुढे साठ वर्षं.

अडचण पुराव्याची. अक्कांनी ते कधी छापलंच नव्हतं. मी संस्कृत आणि मराठी शेजारी ठेवून वाचायला बसले. एका ओळीवर अडले.

"अक्का, मुळात कडा कुठाय? तुम्ही तर देवाला कड्यावर बसवलंय."

अक्का चक्क लाजल्या. "माझं माहेर आंजर्ल्याचं. तिथला गणपती कड्यावरचा. नवीन लग्न झालेलं, आठवण यायची. घातला झालं."

एका मुलीला माहेर आठवलं आणि ते आज कुठल्याकुठल्या घरांत देवापुढे म्हटलं जातंय.

कंपनीच्या वकिलाला फोन लावला. "तुमच्या परंपरेत हा कडा कुठून आला?"

त्याने गायिकेला विचारलं. ती मावशीकडून शिकली होती आणि मावशी अक्कांच्याच मंडळातली. वकील नरमला. "मॅडम, मिटवू या. क्लेम मागे घेतो, मानधन देतो, नावही घालतो. फक्त लायसन्स द्या." लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी, मालकी अक्कांकडेच राहते.

मी मोठ्या तोऱ्यात अक्कांना कळवलं.

"मानधन नको. परवानगी सगळ्यांनाच दे. कुणीही म्हणावं, कुणी कुणाला अडवू नये, असं लिही."

"आणि नाव?"

"पारंपरिकच राहू दे. अगो, माणूस गेल्यावरसुद्धा त्याचे शब्द परंपरेत जातात असं नाही. माझे माझ्या डोळ्यांदेखत गेले. आणखी काय हवं?"

सातबाऱ्यावर नाव चढवायला माझ्याकडे रांग लागते. आपलं नाव आनंदाने उतरवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

व्हिडिओ परत दिसू लागला. करारात मात्र 'मालक' म्हणून अक्कांचं नाव घालावंच लागलं. ते त्यांना खुपलं.

"अक्का," मी म्हटलं, "दान करायचं तरी आधी ते आपलं असावं लागतं."