अब्बांच्या बातम्यांची पट्टी

आमच्या घरी पेपर वाचत नाहीत, ऐकतात. लोणावळ्याच्या बाजारातलं आमचं चिक्कीचं दुकान उघडायच्या आधी अब्बा मोठ्यानं बातम्या वाचतात आणि अम्मी भाजी निवडत ऐकते. तिला वाचता येत नाही, म्हणून लग्नापासूनचा हा रिवाज. अब्बांना मात्र छापील बातम्या पुरत नाहीत. मधेच एखादी स्वतःची घुसडतात, आणि अम्मी ती न चुकता पकडते.

अब्बांची नजर अधू झाली तेव्हा पेपर कॉम्प्युटरवर आला. मी त्यांच्यासाठी ब्राउझरचं एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. माउसचा बाण ज्या ओळीवर असेल, ती ओळ खिडकीच्या तळाशी एका पट्टीत ठसठशीत अक्षरांत दिसायची. मग एका सकाळी ब्राउझर आपणहून अपडेट झाला आणि पट्टी गायब.

म्हणून मी वाचायला बसले. अम्मीनं थोडा वेळ सोसलं. मग मावळातल्या उर्से गावची, तिच्या माहेरची बोली बाहेर पडली, "तुजं वाचणं लय कोरडं हाय गं. नुसत्या बातम्याच हायेत त्यात." अब्बा खुर्चीत गप्प बसले होते. आमचे अब्बा, आणि गप्प! मला ते बघवेना.

मी कोड उघडला. पट्टी मी ब्राउझरच्या खिडकीच्या आतल्या ज्या भागाला टांगली होती, तो भागच नव्या आवृत्तीत काढून टाकला होता. भाडेकरूनं ठोकलेली खुंटी घरमालकानं उपटावी, तसं. तिथे काही टांगू नका, असं ब्राउझर बनवणाऱ्यांनी आधीच बजावलं होतं म्हणा, पण आपण कुणाचं ऐकतोय!

सोपी जागा वरच्या बाजूला सापडली, तिथे पट्टी बसवली आणि मोठ्या तोऱ्यात अब्बांना बोलावलं. ते हनुवटी वर करकरून बघायला लागले. त्यांच्या चष्म्यात वाचायची काच खालच्या अर्ध्यात आहे, हे मी साफ विसरले होते.

"बेटा, मी पेपर वाचतोय की पंखा पुसतोय?"

पुन्हा कोड. या वेळी कशाला टांगायचंच सोडून दिलं. पानच थोडं आखूड केलं आणि तळाशी उरलेल्या जागेत पट्टी वेगळी मांडली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, तोंडही न धुता, शेवटची चूक काढली आणि अब्बांना खुर्ची दिली.

त्यांनी घसा साफ केला. घाटातली वाहतूक झाली, कांद्याचे भाव झाले. मग त्याच सुरात म्हणाले, "लोणावळ्याच्या मुलीनं बापाची बंद पडलेली जबान दुरुस्त केली."

पट्टीवर कांद्याचीच ओळ होती. माझे डोळे भरून आले.

अम्मीनं मेथीवरून मान वर केली नाही. "फोटू छापलाय का?"

"छापलाय. पण केस विंचरलेले नाहीत."