कुंकू आता लावा

"अय्यो, हात लावू नका!" आमच्या शेडमध्ये येणाऱ्याचं स्वागत असंच व्हायचं. वाळूच्या माऱ्यानं खरखरीत केलेल्या लोखंडापुढे आमचे कारागीर अण्णा दोन्ही हात पसरून उभे राहायचे, सोवळ्यातल्या स्वयंपाकिणीसारखे.

तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसलं आलंय सोवळं? मीही हसायचो. मी त्यांचा मुदलाळी, म्हणजे मालक; वयानं मात्र त्यांच्या मुलासारखा.

परदेशी सुटे भाग तंजावुरात मिळायला लागले, तेव्हाची गोष्ट. झिजलेल्या भागांवर धातू फवारून ते नवे करायचे, हे आमचं काम; आता जुनं दुरुस्त करून घ्यायला कोण येणार? शेडला कुलूप लागायची वेळ आली. तेवढ्यात पापनाशमचा एक गिरणीवाला भाताच्या तुसानं झिजलेलं पंख्याचं पातं घेऊन आला. ते टिकलं, तर गिरणीचं सगळं काम आमचं. त्यावर फवारायला काचेच्या जातीच्या धातूची भुकटी होती, तीही एकच डबा.

"कण मऊ होऊन गोळीसारखा येतो, आपटतो, चपटा होतो," अण्णा सांगायचे. "आतल्या अणूंना रांगेत उभं राहायला वेळच नाही, तसेच थिजतात. म्हणून त्याला काच म्हणायचं. पण धरायला निर्मळ जागा पायजे. बोटाचं तेल लागलं की अस्कं गेलं, सगळं!"

एवढं ऐकूनही मला राहवलं नाही. आमच्यात नव्या कामाला कुंकू लागतंच. अण्णा काफी प्यायला गेले तसं मी तयार पात्याला चंदन-कुंकू लावलं. मग ते बोटाच्या तेलाचं आठवलं. नेसलेल्या वेष्टीच्या टोकानं घाईघाईनं पुसलं आणि जागेवर जाऊन बसलो.

अण्णा आले. पातं पाहिलं, मग माझ्या वेष्टीवरचा लाल डाग. गिरणीवाला समोरच बसलेला. गेली अब्रू, म्हटलं.

"माझंच चुकलं," ते त्याला तमिळमध्ये म्हणाले. "पुन्हा करतो." त्यांनी पातं धुतलं आणि भर दुपारी पुन्हा वाळूच्या माऱ्याखाली धरलं.

मग फवाऱ्याची बंदूक गरजली. काय सांगू तुम्हाला! लाखो कण, डोळ्याला एकही वेगळा दिसत नव्हता, आणि प्रत्येक जण आपटून कायमचा बिलगत होता. पातं निवल्यावर अण्णांनी हातोडीनं टकटक करून कान लावला. आवाज खणखणीत.

"धरलं," ते म्हणाले. मग हळूच, "मुदलाळी, कुंकू आता लावा."

शेड अजून चालू आहे. अण्णा गेले त्या दिवशी त्यांच्या पायांशी वाकलो आणि हात मध्येच थांबले. "हात लावू नका" म्हणून ओरडणारं कोणी नव्हतं.

मी हात लावला.