आजेसासऱ्यांची फाशी

माझ्या बायकोने मला आजवर किमान नऊ हजार वेळा मृत्युदंड दिला आहे. आकडा कमीच धरलाय, कारण ती बाळंतपणाला मुखेडला माहेरी गेली होती ते महिने वगळलेत.

दोष माझाच. औशाच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. बाकीचे मास्तर खिशातून खडू घरी आणायचे, मी प्राचीन संस्कृती आणायचो. संध्याकाळी ओसरीवर चहाला बसलो की कुठल्या राजाने कुणाला कसं मारलं हे तिला रंगवून सांगायचो. तिनं ते सगळं लक्षात ठेवलं आणि माझ्यावरच चालवलं.

कोथिंबीर आणायची विसरलो की कोर्ट बसायचं.

"अथेन्सात काय होतं हो ह्याला?"

"एके काळी तिथं भाजी चोरली तरी मृत्युदंड होता. पण मी चोरली नाही, विसरलो."

"विसरणाऱ्याला सोडतेत व्हय?" म्हणत ती कारल्याचा रस पुढं करायची. "प्या. तिथं शहाण्या माणसांला विषाचा पेला देत होते म्हणं. तुम्हाला ह्योच बास."

बॅबिलोनमध्ये आरोपीला नदीत उडी मारायला लावत. बुडाला तर गुन्हेगार, वर आला तर निर्दोष. हा कायदा मात्र तिला कधी लावता आला नाही, कारण आमच्या तेरणेत पाणी असेल तर ना. लातूर जिल्ह्यात बॅबिलोनचं राज्य असतं तर सगळे खुनी निर्दोष सुटले असते, फक्त गुडघे फोडून. रोमन लोक बापाला मारणाऱ्याला पोत्यात घालत आणि सोबत कुत्रा, कोंबडा, साप आणि माकड कोंबून पाण्यात फेकून देत. मी म्हणालो, "कुत्रा-कोंबडा गल्लीत मिळेल, साप रानात मिळेल, पण औशात माकड कुठून आणशील?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "शोधायचं काम न्हाई."

आता माझ्या जिभेबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. औशाचा किल्ला भुईकोट, पोळीसारखा सपाट जमिनीवर. तरी दरवर्षी सहलीला मी मुलांना तिथली कडेलोटाची जागा दाखवायचो. मुलं तटावरून खाली बघायची. खाली बाभळी आणि चरणाऱ्या शेळ्या. पण मी असं काही सांगायचो की पोरांना भोवळ यायची, आणि एकदा तर हेडमास्तरांनाच यायला लागली. खोटं सांगणं मी कधी गुन्हा मानलाच नाही. मीठ मानलं.

ते मीठ गेल्या वर्षी नातीच्या बारशात जास्त झालं.

बारसं नांदेडला, लेकीच्या सासरी. जेवणं झाली आणि व्याह्यांनी आपल्या पूर्वजांची तलवार काढली. तोंडीच काढली, पण तासभर आवरेना. त्यांचे पणजोबा असे, खापरपणजोबा तसे. माझ्या घराण्यात तर दाखवायला विळासुद्धा धड नाही. मी इकडंतिकडं बघितलं आणि बायकोच्या आजोबांना उचललं.

म्हणालो, "आमचे मुखेडचे आजेसासरे! निजामाच्या जमादाराला एका हाताने आडवा केला. भर बाजाराच्या दिवशी फाशी दिली त्यांना, वेशीजवळच्या चिंचेला. दोर तीनदा तुटला. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच गाठ मारून दाखवली."

व्याह्यांनी उठून मला मिठी मारली. मी जिंकलो होतो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एकच विचारलं, तेही हळू. "ज्यांच्या मांडीवर बसून मी मुगाच्या शेंगा खाल्ल्या, त्यांला तुम्ही माझ्या जन्माआधी लटकवून ठिवलं?"

"अगं, गंमत..."

"त्यांनी कुणाला मारलं म्हणलात? ज्यांनी उभ्या जन्मात विंचू मारला न्हाई, त्यांनी? बॅबिलोनचं पहिलं कलम काय हाय हो, सर?"

तीस वर्षांत तिनं मला 'सर' म्हटलेलं नव्हतं. आणि कलम मला पाठ होतं, मीच तिला सांगितलेलं. जो दुसऱ्यावर खुनाचा आरोप करील आणि सिद्ध करू शकणार नाही, त्यालाच मारावं. दगडावर कोरलेल्या त्या कायद्याची सुरुवातच तिथून होते. त्या लोकांना चार हजार वर्षांपूर्वी कळलं होतं की दोराच्या आधी जीभ येते.

"मृत्युदंड," मी म्हणालो.

"विधवा व्हायची मला हौस न्हाई. रोममधी प्रतिष्ठित माणसाला हद्दपारी मिळत होती म्हणलात ना? जावा औशाला. मी हितंच राहते नातीजवळ."

तेव्हापासून मी औशात एकटा आहे. लेक सांगते, "आई बाळासाठी थांबलीय, बाबा." असेलही. पण संध्याकाळी चहा घेऊन ओसरीवर बसलो की आरोपीच्या पिंजऱ्यात मी हजर असतो आणि समोरची खुर्ची रिकामी असते. कोथिंबीर मी आता मुद्दाम विसरतो. घरी येतो, रिकामी पिशवी खुंटीला लावतो, थोडं थांबतो. कुणी काही म्हणत नाही. कारल्याचा रसही करून पाहिला. माझ्या हातचा तो नुसताच कडू होतो, त्यात अथेन्स उतरत नाही.

आठ महिन्यांनी नातीचं जावळ आलं. एसटीत बसल्यापासून मनाशी ठरवलं होतं, की आज आजेसासऱ्यांना निर्दोष सोडवायचं. जेवणाच्या पंगतीतच उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, मी खोटं बोललो होतो. त्यांना फाशी झाली नाही. त्यांनी कुणाला मारलं नाही. म्हातारपणी, घरच्या बाजेवर, ताक मागून घेतलं आणि गेले."

इतकं सपक वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो. माझ्याच घशाला ते अनोळखी वाटलं.

व्याही उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, भिऊ नका. आता निजाम न्हाई."

"अहो, खरंच..."

"मी सोता जाऊन आलो मुखेडला. ती चिंच सापडली बगा. हार घातला, नारळ फोडला." त्यांनी मोबाईल पुढं केला. कुठल्यातरी गरीब चिंचेच्या गळ्यात झेंडूचा हार होता. "फांदीवर दोराचा वळ अजून दिसतो."

पंगतीतल्या चौघांनी वाकून वळ बघितला आणि चौघांनाही तो दिसला. मीसुद्धा पाहिला. माझ्या कडेलोटाच्या किल्ल्यावरून इतकी वर्षं पोरं कशी खाली बघत असतील, ते मला त्या दिवशी कळलं. मारलेला माणूस परत आणायची सोय कुठल्याच संस्कृतीत नव्हती, माझ्याकडंही नाही.

निघताना बायको फाटकापर्यंत आली. हातात भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.

"ऐकलं मी."

"मग? शिक्षा कमी?"

"त्या लोकांला आता काय सांगून उपेग न्हाई. मला सांगा. आजोबावर एक पान लिवा. खरं. एक शब्द वाढवायचा न्हाई. वाचते, मग बगते."

"एवढंच? पुढच्या आठवड्यात पाठवतो."

ती हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. "तुमच्यानं व्हायचं न्हाई."

तिचं खरं होतं. जावळानंतरचा हा चौथा महिना आहे. पान काही होईना. लिहायला बसलो की आजोबा उंच व्हायला लागतात. पहिल्या ओळीत धोतर, तिसऱ्या ओळीत घोडा. मी त्यांना फक्त दोनदा पाहिलं होतं, नवा जावई असताना. तरी फाडलेल्या पानांतून त्यांचं निजामाचं अर्धं राज्य जिंकून झालंय.

आज पुन्हा बसलो. रिकामी खुर्ची समोर ओढून घेतली. जेवढं दिसलं होतं तेवढंच लिहितो.

आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. अंगणात विंचू निघाला. घरातले सगळे चप्पल शोधायला धावले, मीही. आजोबांनी चुलीजवळचा चिमटा आणला, विंचू धरला आणि बांधापर्यंत चालत गेले. तिथं खाली बसून त्याला सोडलं. परत आल्यावर चिमटा धुतला आणि नातीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं, जावई जेवला का.

विंचू लहान होता.