ज्याच्या कानात जाईल त्याची

कानाचं भोक मोठं करायचा निर्णय मी विचार करून घेतला असेल, असं लोकांना वाटतं. विचार अजिबात केला नव्हता. दोन बायका भांडत होत्या आणि मला जेवायचं होतं.

भांडण मायच्या तरक्यांवरून होतं. तरकी म्हणजे कानात घालायची सोन्याची गोल चकती. मागे तिला पेन्सिलीएवढी जाड दांडी असते, म्हणून पाळीचं भोकही तेवढंच लागतं. एका कानाची पाळी तुटल्यापासून मायने त्या काढून डब्यात ठेवल्या होत्या. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला माहेरी आलेली माझी बहीण म्हणत होती, मोडून झुमके करू. माझी बायको म्हणत होती, झुमके नकोत, चेन करू. मोडायच्या, यावर मात्र दोघींचं एकमत होतं. नणंद-भावजयीचं एकमत आमच्या घरात इतकं दुर्मीळ की माय घाबरली.

"मोडाच्या नाई," ती म्हणाली. "ज्याच्या कानात जाईन त्याच्या."

दोघी हसल्या. "एवढं भोक कोण पाडून घेईन, माय?" बहीण म्हणाली. "पुढच्या मंडईपर्यंत कोणाच्या कानात गेल्या तर ठीक. नाही तर सोनाराकडे."

"मी घालतो," मी म्हणालो. भात निवत होता.

मी गोंदियात एका राइस मिलमध्ये मुनीम आहे. पन्नाशी उलटली आहे. कान लहानपणी टोचलेले, भोकं कशीबशी शाबूत. जेवण झाल्यावर शब्द मागे घेता आला असता. पण बायको म्हणाली, "तुमच्यानं होते का?" मग कसला मागे घेतो.

कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने हे काम अंगावर घेतलं. रात्रभर व्हिडिओ पाहून तिने मला बजावलं. आंघोळीनंतर, हात धुऊन, पाळीला तेल लावायचं आणि आधीच्यापेक्षा एकच नंबर जाड अशी स्टीलची दांडी घालायची. ढकलायची नाही, आपसूक सरकली तर सरकली. मग महिना-दीड महिना तिला हात लावायचा नाही. दुखलं तर थांबायचं, रक्त दिसलं तर मागच्या नंबरावर यायचं.

"हे काऊन एवढं?" माय म्हणाली. "सिंदीचं पान गुंडाळून घालाचं. ते सोताच फुगते."

"आजी, इन्फेक्शन होईल."

"आमाले तर झालं नाई."

दोघी माझ्या कानावरून माझ्यादेखत असं भांडायला लागल्या, जणू कान त्यांचा आणि मी खुंटी. शेवटी तोड मीच काढली. डावा कान मुलीचा, उजवा मायचा. आयुष्यात इतका मूर्ख तोडगा मी दुसरा काढला नाही, पण घरात त्या रात्री शांतता झाली.

मिलमध्ये मी एका कानात स्टील आणि दुसऱ्यात झाडाचं पान घालून बसू लागलो. धानाचे ट्रक येत. पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार नळी असते, तिला परखी म्हणतात. पहिल्याच दिवशी एका ड्रायव्हरने विचारलं, "मुनीमजी, कान में परखी मार ली क्या?" ते नाव चिकटलं. घरी बायको वेगळंच बोले. "आधीच या कानाने ऐकता अन् त्या कानाने सोडता. आता तर रस्ताही रुंद करून राहिले." तिला उत्तर द्यावं असं फार वाटे, पण तिचं खरं होतं.

डावा कान शहाण्यासारखा वाढला. उजव्याच्या बाबतीत मी घाई केली. पावसाळा सरत आला, मंडई डोळ्यासमोर दिसू लागली आणि मी पानाची सुरळी चांगली जाड करून घुसवली. दोन दिवसांत पाळी वांग्यासारखी झाली.

"पिकला," माय समाधानाने म्हणाली. "पिकलाच पाहिजे. आता हळद लावाची."

मुलीने पान काढून फेकलं आणि मला डॉक्टरकडे नेलं. हे कोणी केलं, असं त्याने विचारलं. "माझ्या आईने," मी म्हणालो. त्याने मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. पन्नाशीचा माणूस असं सांगतो, याचं त्याला वाईट वाटलं असावं.

उजवा कान बरा झाला, पण भोक आकसलं. तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मंडईला बहीण आली. आल्याआल्या म्हणाली, "दाखव." सगळे ओसरीवर जमले. मुलीने तेल लावून डाव्या कानात तरकी सरकवली. गेली. अगदी सहज गेली. उजव्यात जाणार नव्हतीच.

"एकच गेली," बहीण म्हणाली.

"अर्धी शर्त," बायको म्हणाली. त्यांचं पुन्हा एकमत झालं होतं. एक ठेवायची, एक मोडायची, इथवर गोष्ट आली. मला खरंच रडू येत होतं. वर्षभर लोकांत माझं हसू झालं होतं आणि माझ्या कानामुळेच मायची जोडी फुटणार होती.

"इकडं ये गा," माय म्हणाली. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. तिने माझी हनुवटी धरून डावा कान उजेडाकडे वळवला आणि पाहत राहिली. चकतीवरच्या फुलावरून बोट फिरवलं.

"यावर फूल आहे," ती म्हणाली.

"तुले माहीत नव्हतं?" बहिणीने विचारलं. "जन्मभर घातल्या तू."

"माह्या कानात होत्या. लोकं पाहत होते. मले कुठून दिसन?"

"आरसा नव्हता का?"

"मूठभर आरसा. त्यात कुंकू दिसे, कान नाई दिसे. काढून ठेवल्या तवा मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, अन् डब्यातली वस्तू काय पाहाची? कानातली पाहाची."

मग बहिणीने हळूच विचारलं, "मग मोडाच्या की नाई, माय?"

"मी गेल्यावर मोडा. आता मले पाहू द्या."

मिलमधून फोन येत होता. मी तो उचलला नाही. माय म्हणाली, "हालू नको," आणि मी हाललो नाही.