त्या दुसऱ्या आरोपीची शिक्षा

नाना गेल्याचं मला खालापूरला, लेकीच्या घरी कळलं. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले… चहा घेता घेता." भिसेगावात आमची दारं समोरासमोर. मी निवृत्त शिक्षक, ते निवृत्त न्यायाधीश. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांकडे ते संशयानं बघायचे. पण सर्वांत जास्त संशय त्यांचा स्वतःवर होता, हे मला फार उशिरा कळलं.

नोकरीत असताना एकदा त्यांच्यापुढे कोंडाण्याकडचा गणपत उभा राहिला. फार्महाऊसवरचा पाण्याचा पंप त्यानं चोरला होता, गुन्हा शाबीत झाला. त्याआधीही चोरीच्या दोन शिक्षा भोगलेल्या, म्हणून सरकारी वकिलांनी वाढीव शिक्षा मागितली. अशा वेळी कायदा वाढवायची मुभा देतो, सक्ती करत नाही, ठरवायचं न्यायाधीशानं. जुने गुन्हे कोवळ्या वयातले, मधली कित्येक वर्षं माणूस टेंपो चालवून सरळ जगलेला, हे बघून नानांनी साधीच शिक्षा दिली. लगेच कुजबुज सुरू झाली, साहेबांना कोणीतरी भेटलं असणार…

गणपत सुटून आला आणि थोड्याच दिवसांत दहिवलीत एका म्हातारीचं घर फुटलं, तिला मारहाणही झाली. पोलिसांनी आधी गणपतलाच उचललं. "मास्तर, मलाही वाटलं, तोच," नाना पुढे एकदा मला म्हणाले. "म्हातारीचं डोकं मीच फोडलं असं वाटायला लागलं. त्याच आठवड्यात दुसरा एक आरोपी समोर आला. त्याचीही मागची शिक्षा होती, पण गणपतपेक्षा किती तरी हलकी. त्याला मी वाढीव दिली." पुढे खरा चोर सापडला, म्हातारीचा सख्खा भाचा. गणपतला सोडून दिलं. "पण तो दुसरा आतच राहिला ना," नाना म्हणाले. "त्यानं भोगली ती कुणाची शिक्षा?"

मी म्हटलं, "अहो, अपिलात कायम झाली असेल की."

"झाली. कारणं मी फार चांगली लिहिली होती, मास्तर."



तेराव्याला गणपत आला. केस पिकलेले, हातात टोपी. दाराजवळच टेकला. शेजारच्या बाईंनी आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. त्यानं ते बघितलं आणि नजर खाली वळवली. वहिनी म्हणाल्या, "गणपत, आतल्या खोलीत कपाटावर ह्यांचा मोठा फोटो आहे. माझा हात पुरत नाय. तेवढा काढून देता का?"

तो उठला आणि तिथंच थांबला. "वयनी, कोणाला तरी संगं धाडा."

"कशाला?"

"बरं असतं."

मीच उठलो. नानांची खोली तशीच होती. सदरा खुंटीला, चष्मा उशाशी, दुपारी वाचत पडायची आरामखुर्ची खिडकीकडे तोंड करून. गणपत स्टुलावर चढला, फोटोवरची धूळ त्यानं बाहीनं पुसली आणि तो जपून छातीशी धरला. त्याला अवघड वाटू नये म्हणून मी सोबत आलोय, अशी माझी समजूत होती… मग ध्यानात आलं, कपाटाला किल्ली लटकत होती आणि मी बरोबर तिच्यापुढे उभा होतो.